अक्षतीवाचून आलेली राणी

एका राज्यात एक राजा होता, आणि न बोलावता आलेल्याचा त्याला फार राग असे. नाव त्याचे नेमसेन. त्याच्या राज्यात रीतच अशी होती, की हळदीकुंकवात रंगवलेले चार तांदूळ, म्हणजे अक्षत, हातावर पडल्यावाचून कोणी राजवाड्याचा उंबरा ओलांडायचा नाही. मग तो जावई असो, वैद्य असो नाही तर पाणक्या असो. राजाच्या आज्याने तर एका काळ्या, दुभंगल्या शेपटीच्या पक्ष्यालाही भर दरबारात अक्षत देऊन कळसावर नेमले होते. त्या पक्ष्याची जातच कोतवाल म्हणवते. आज्याला वाटले, कोतवाल आयता मिळतो आहे, तर घेऊन टाकावा. हा पक्षी माणसासारखा बोले. त्याचे तिथे कोणाला नवल नव्हते.

अक्षतीवाचून आत आलेले माणूस सगळ्या वाड्यात एकच होते, आणि ती होती राणी.

बारा वर्षांमागे राज्यात हिवताप आला. वैद्य पळाले, राजा अंथरुणाला खिळला. तेव्हा मागच्या दाराने एक मुलगी आत आली. कमरेला खुरपे, डोक्यावर कडुनिंबाच्या पाल्याचा भारा. खुरपणीला जाणाऱ्या बायकांत वाढलेली ही पोर, आईबाप नाहीत, नाव गोकर्णा. तिने कोणाची परवानगी घेतली नाही. रांजण, हौद, फुटकी मडकी, जिथे जिथे पाणी साचले होते तिथले ओतून दिले. विहिरीत मासे सोडले. खिडक्यांशी निंबाचा धूर केला. महिन्याभरात ताप उतरला, आणि राजाने डोळे उघडले तेव्हा उशाशी ती बसलेली होती.

लग्न ठरले. रीतीप्रमाणे वधूच्या घरी राजाची अक्षत जायला हवी होती. पुरोहित म्हणाला, "महाराज, हिच्या घरी कोणीच नाही. अक्षत द्यावी कोणाच्या हाती?"

राजा म्हणाला, "राहू द्या."

हे दोन शब्द राजा विसरला. राणी विसरली नाही.

पुढे बारा वर्षे वाड्याला कधी कीड लागली नाही, आणि का लागली नाही हे राजाने कधी विचारले नाही. डाळींना राख कोण चोळते, धान्याच्या कणगीत निंबाचा पाला कोण पसरते, दर आठव्या दिवशी रांजण पालथे कोण घालते, ह्याची राजाला वार्ता नव्हती. मुंग्यांसाठी उंबऱ्याबाहेर चिमूटभर पीठ ठेवायचे आणि उंबऱ्याच्या आत हळदीची रेघ ओढायची, हा राणीचा रोजचा नेम. राजाला वाटे, वाडा आपोआप स्वच्छ राहतो. काही राजांना असे वाटत असते, आणि काही नवऱ्यांनाही.

मग एकदा राणी खोकल्याने आजारी पडली आणि दोन दिवस हळदीची रेघ राहिली. नेमके त्याच दिवशी शेजारचा राजा पाहुणा आला होता. सोन्याच्या वाटीतून त्याला खीर वाढली, तर खिरीत एक मुंगी. पाहुण्याने ती बोटावर उचलून घेतली आणि सगळ्या पंक्तीला ऐकू जाईल असे विचारले, "राजन्, हिलाही अक्षत धाडली होतीत का?"

पंगत हसली. नेमसेन हसला नाही.

राणी म्हणाली, "महाराज, मला आठ दिवस द्या. मुंग्यांना आवरता येतं. संपवता येत नाही, आणि संपवूही नये."

राजा म्हणाला, "ह्यात तुम्ही पडू नका." आणि उत्तरेच्या मिठाच्या मनोऱ्यात राहणाऱ्या निर्मळनाथ नावाच्या मांत्रिकाला त्याने अक्षत धाडली.

निर्मळनाथ आला. त्याच्यापाशी रुप्याची एक चाळणी होती. तो म्हणाला, "वाड्यातून आणि मळ्यातून, जे जे अक्षतीवाचून आलं ते ते चाळून काढीन. मोबदला मागत नाही. चाळणीतून पडेल ते माझं."

"दिलं," राजा म्हणाला. सगळा कचराच जाणार, तर त्यात द्यायचे ते काय, असा त्याचा हिशेब.

भर दुपारी निर्मळनाथाने चाळणी डोक्यावर धरून तीन वेळा हलवली. पहिल्या हलवणीला मुंग्या, झुरळे, डास, वाळवी, कणगीतले सोंडे आणि फुलांवरच्या मधमाश्या गेल्या. दुसऱ्या हलवणीला हरळी, लव्हाळा, केना, बांधावरचे सगळे गवत आणि त्यातले नाकतोडे गेले. गांडुळे गेली, चिमण्या गेल्या, तुळशीपाशी झोपणारे मांजर गेले. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

तिसऱ्या हलवणीला राणी मागच्या पायरीवर उभी होती. तिने राजाकडे पाहिले.  पायरीवर खुरपे पडल्याचा आवाज तेवढा झाला.

निर्मळनाथ आपल्या मनोऱ्यात परत गेला, आणि वाडा स्वच्छ झाला. इतका स्वच्छ, की राजाच्या खडावांचा आवाज सात दालने जाई आणि परत येई. आंब्याला मोहोर आला आणि तसाच गळाला, कारण त्याच्यावर बसायला कोणी नव्हते. भोपळ्याची फुले उमलली, मिटली, सुकली. पडलेले पान कुजेना, पडलेले शेण मातीत मिसळेना. चाकर हळू चालत आणि त्याहून हळू बोलत. राजा एकटा जेवी. समोरचा पाट मांडलेलाच असे. तो उचला असे सांगण्याचे धैर्य राजाला होईना, आणि त्याच्याकडे पाहण्याचेही होईना. एकदा त्याने मुद्दाम साखर सांडली आणि दिवसभर तिच्यापाशी बसून राहिला. कोणी आले नाही.

असे तीन महिने गेले. मग एका सकाळी कळसावरचा कोतवाल खाली येऊन राजाच्या खिडकीत बसला. त्याच्या छातीचे हाड दिसत होते.

"महाराज, मी किडे खाऊन जगणारा प्राणी. मी उपाशी आहे," कोतवाल म्हणाला. "आणि तुम्ही एकटे आहात. दोघांचंही जे हरवलं, ते वाड्यामागच्या कोरड्या बारवेत आहे. चाळणीतून जे पडलं, ते तिथेच साठलं आहे."

"निर्मळनाथ परत देईल?"

"देणार नाही. पण त्याच्याच मंत्राला एक दार आहे. अक्षतीवाचून आलं म्हणून जे पडलं, ते अक्षत दिली तर वर येईल. मात्र यजमानाला पाहुणा ठाऊक हवा. तो काय खातो, कुठे निजतो आणि कशाला भितो, ही तीन उत्तरं द्यायची. एक जरी चुकलं तरी बारवेचं तोंड मिटेल, आणि मग ते कायमचं."

राजा तडक निघाला. कोतवाल म्हणाला, "थांबा. मुंगी कुठे निजते, सांगा."

राजा थांबला. मुंगी कुठे निजते हे त्याला माहीत नव्हते.

वाड्याच्या कोठीवर तानकाबाई नावाची म्हातारी होती. धान्य निवडून निवडून तिची बोटे वाकली होती. राजा आपल्या पायांनी कोठीत आला, तेव्हा तिला वाटले, आपली चाकरी गेली. राजा पोत्यावर बसला आणि म्हणाला, "तानकाबाई, मला मुंगी शिकवा."

तानकाबाईने त्याच्याकडे टक लावून पाहिले. "मला काय येतंय, महाराज? राणीसाहेब सांगायच्या तेवढंच ठावं."

"मग राणीसाहेब काय सांगायच्या ते सांगा."

तीन दिवस ती सांगत राहिली आणि राजा ऐकत राहिला. प्रत्येक गोष्टीच्या तोंडी एकच वाक्य असे, 'राणीसाहेब म्हणायच्या.' बारा वर्षांत राणी इतके बोलली होती, आणि राजाला त्यातले एक वाक्य ओळखीचे वाटेना. 

"आता डासाचं सांगा," तिसऱ्या दिवशी तानकाबाई म्हणाली. "डास काय खातो?"

"रक्त," राजा म्हणाला.

"मिटली तुमची बारव!" म्हातारी हसली, आणि मग आपण राजाला हसलो म्हणून घाबरली. "अवो महाराज, डास फुलाचा रस पितो. रक्त लागतं ते फक्त मादीला, तिला अंडी घालायची असतात म्हणून. राणीसाहेब म्हणायच्या, जो चावतो त्याला काय हवंय ते आधी बघावं. मग त्याला अडवता येतं."

चौथ्या दिवशी उजाडताना राजा अक्षतीची वाटी घेऊन बारवेच्या काठावर उभा राहिला. खाली पायऱ्या काळोखात उतरत होत्या. तळातून मंत्र बोलला, आवाज थेट निर्मळनाथाचा, "कोणाला बोलावतोस?"

"मुंगीला. ती गोड खाते आणि मेलेलं खाते. निजते पायरीखालच्या फटीत. भिते हळदीच्या रेघेला." राजाने अक्षत टाकली. "मुंगीबाई, उंबऱ्याबाहेर रोज पीठ ठेवीन. आत रेघ ओढीन. रेघेअलीकडे आलात तर झाडून बाहेर काढीन. कबूल असेल तर या."

मुंग्या वर आल्या. एकीमागे एक, पायरीच्या कडेने, नेहमीसारख्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना राजाने डासांना आवतण दिले. डासाला आवतण देणारा राजा त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाल्याचे ऐकिवात नाही. पण बेडकाला डास लागतो, पाकोळीला डास लागतो, आणि एकाला वगळून बाकीच्यांना बोलावता येत नव्हते. राजा म्हणाला, "तो फुलाचा रस पितो. अंधाऱ्या कोपऱ्यात निजतो. साचलेलं पाणी ओतून देणाऱ्या हाताला भितो. डासबुवा, अंड्यापासून पंखापर्यंत तुम्हाला आठ दिवस लागतात. आठव्या दिवशी मी स्वतः रांजण पालथा घालीन. विहिरीत मासे आहेत, धुराला निंब आहे. एवढ्यातून जगाल ते तुमचं नशीब."

डास गुणगुणत वर आले. त्यांना ह्याहून जास्तीची अपेक्षा नव्हती.

त्याच्या पुढल्या दिवशी उजाडताना त्याने हरळीला बोलावले. "ती ऊन खाते. निजते मातीत वीतभर खोल, मुळाच्या पेरापेरात. भिते सावलीला. हरळीबाई, बांध तुझा. तिथे तू माती धरून ठेव. शेतात आलीस तर मी खुरप्याने काढीन, आणि पुन्हा आलीस तर पुन्हा काढीन. रागावणार मात्र नाही." हरळी पायऱ्यांच्या सांध्यांतून हिरवी हिरवी होत वर चढली. त्या तिघांच्या अक्षतीवरच त्यांच्या आधाराने जगणारे सगळे गणगोत वर आले. चिमण्या आल्या, गांडुळे आली, मांजर आले आणि आल्या आल्या अंग चाटू लागले. कोतवालाने हवेतल्या हवेत एक नाकतोडा टिपला आणि तो गिळायच्या आत दुसऱ्यावर झेप घेतली.

मग राजाने वाटीतली शेवटची अक्षत मुठीत घेतली.

"कोणाला बोलावतोस?" आवाज आला.

"गोकर्णेला."

"ती काय खाते?"

 बारा वर्षे ती त्याच्या समोरच्या पाटावर बसली होती. वाढायला म्हणून ती सारखी उठायची, एवढेच त्याला आठवत होते. ती जेवताना कशी दिसते, ते आठवेना. मुंगीची नीज त्याला ठाऊक झाली, डासाची तहान ठाऊक झाली, आणि बायकोचे जेवण ठाऊक नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण ह्याने तर आपल्याच हाताने कळसा विहिरीत टाकला होता.

राजा बारवेच्या काठावर बसला. ऊन डोक्यावर आले, मग पाठीवर आले. चुकीचे उत्तर दिले तर ती कायमची जाणार होती, आणि खरे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. तो रडला. जवळ कोणी चाकर नव्हता, म्हणून मोकळेपणी रडला.

तेव्हा त्याच्या पायाशी एक मुंगी थांबली. "मी सांगते," ती म्हणाली. "सगळ्यांची पानं उठली की ती चुलीपाशी बसते. भांड्याची खरवड आणि सकाळची भाकरी, एवढंच तिचं जेवण. तिच्या वाटचं गोड ती उंबऱ्याबाहेर आणून ठेवते. ते आम्ही खातो. जेवलीस का, असं तिला कोणी विचारल्याचं आम्ही ऐकलेलं नाही."

राजाने मान खाली घातली.

एक डास त्याच्या कानाशी आला. "मी सांगतो. ती मागच्या ओटीवर, रांजणाच्या आडोशाला निजते. तिला खोकला आहे. तुमची झोप मोडू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी ती तिथे आली. आम्ही तिला चावत होतो. ती आम्हाला पदराने वारायची. रागवायची नाही."

राहिले तिसरे. राजा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. शेवटी पायरीच्या फटीतली हरळी म्हणाली, "मागच्या दाराच्या पायरीत मी उगवते. तिथे ती पाय ठेवून बसते. महाराज, तिने मला तिथून कधी उपटलं नाही. म्हणायची, तू आणि मी एकाच वाटेनं आलो. शेतात दिसलीस तर हरळी, पूजेला आणली तर दूर्वा. तुला तरी पूजेला आणतात. तुमच्या खडावा वाजल्या की तिची बोटं माझ्यात रुतायची. तिला एका प्रश्नाची भीती होती. बारा वर्षं रोज तिला वाटायचं, आज महाराज विचारणार."

"कोणता प्रश्न?" राजाने विचारले, पण त्याला उत्तर आधीच कळले होते.

"तुला कोणी बोलावलं होतं?"

राजा उठला. पायांतल्या खडावा त्याने काठावर काढून ठेवल्या आणि एक पायरी खाली उतरला. मोठ्याने बोलायला त्याला फार लाज वाटली, आणि तो मोठ्यानेच बोलला.

"गोकर्णा सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते. मागच्या ओटीवर एकटी निजते. आणि ती मला भिते. तुला कोणी बोलावलं, असं मी विचारीन म्हणून भिते. मी तोंडाने विचारलं नाही. चाळणी लावून विचारलं." त्याने मूठ उघडली. "गोकर्णे, तू न बोलावता आलीस आणि मी जगलो. ही अक्षत बारा वर्षांपूर्वी द्यायची राहिली. आज मी बोलावतो. तुला यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर मी इथे बसून राहीन, पण पुन्हा कोणाला चाळणार नाही."

चार तांदूळ पायऱ्यांवरून खाली गेले. बराच वेळ काही झाले नाही. संध्याकाळ व्हायला आली. मग खालून खोकल्याचा आवाज आला, आणि राजाला बारा वर्षांत त्याहून गोड काही ऐकल्याचे आठवेना.

राणी वर आली. वाळली होती. मुठीत ते चार तांदूळ होते. तिने आधी मळ्याकडे पाहिले, मग रांजणाकडे पाहिले.

"पाणी किती दिवसांचं आहे?" तिने विचारले.

"परवा आठवा दिवस," राजा म्हणाला. "माझ्या ध्यानात आहे."

राणीने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले.

त्या क्षणी मिठाच्या मनोऱ्यात निर्मळनाथाच्या हातातल्या चाळणीची भोके बुजली, आणि तिचे साधे रुप्याचे ताट झाले. राज्यभरात रीतसर अक्षत घेऊन आलेला आणि कोणालाही नको असलेला असा तोच एक होता. तो ताट टाकून निघून गेला. कोतवालाने ते ताट चोचीत धरून ओढत ओढत वाड्यात आणले. मंत्र सुटला. पुढल्या मोसमात आंब्याला आंबे लागले, भोपळे धरले, शेणाची माती झाली. वाड्याला कीडही लागली आणि ती आवरलीही गेली. अक्षतीची रीत राजाने मोडली नाही. फक्त एवढे ठरवले, की जो आधीच आत आला आहे त्याला अक्षत द्यायची राहिली असेल, तर ती आधी द्यावी.

आणि राणीची भीती? ती काही त्या संध्याकाळी गेली नाही. भीती हरळीसारखी असते, एका खुरपणीत जात नाही. राजाने खडावा पुन्हा घातल्या नाहीत. तो वाड्यात अनवाणी चाले. दर आठव्या दिवशी स्वतःच्या हातांनी रांजण पालथे घाली, आणि रोज दुपारी चुलीपाशी जाऊन विचारी, "जेवलीस का?"

पहिल्या वर्षी हा प्रश्न ऐकला की ती दचकून उभी राही आणि म्हणे, "हो, महाराज." ते खोटे असे, आणि दोघांनाही ते ठाऊक असे.

दुसऱ्या वर्षी ती बसल्या बसल्याच म्हणू लागली, "जेवेन मागाहून."

तिसऱ्या वर्षी एका दुपारी राजाने विचारले, "जेवलीस का?" राणीने वर पाहिले नाही. उंबऱ्याबाहेर मुंग्यांची रांग लागली होती, तिच्याकडे ती पाहत होती. रुप्याचे ताट तिने पुढे सरकवले आणि म्हणाली, "नाही. तुम्ही वाढा."

राजाने वाढले. ऐकणाऱ्यांनो, आमची गोष्ट त्या ताटापाशी संपली. उंबऱ्याबाहेरचे पीठ तेवढे अजून रोज ठेवावे लागते.